ड्रायव्हरमधून होणारी माहिती-गळती कशी तपासावी आणि कशी बुजवावी

इंदूरच्या राजेंद्र नगरातील एका करसल्लागारांच्या कार्यालयात सात संगणक आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. पाच संगणकांवर विंडोज ११ आहे, एका जुन्या यंत्रावर विंडोज १० आहे आणि सातवा, जो सर्वांच्या फायली सांभाळतो, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर चालतो. अशिलांचे पॅन क्रमांक, बँकेची विवरणे, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आणि डिजिटल सहीची टोकने असा सगळा ऐवज या सात यंत्रांवरून रोज जातो-येतो. अशा छोट्या कार्यालयांत संगणक विभाग नावाचे काही नसते. ज्याला थोडेफार कळते त्याच्या गळ्यात हे काम पडते. पुढील मार्गदर्शन अशाच माणसासाठी लिहिले आहे. त्यातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.

प्रथम गळती म्हणजे नेमके काय, हे पाहू. ड्रायव्हर हा हार्डवेअर किंवा फाइल-व्यवस्था यांच्याशी बोलणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग असतो आणि बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आत, म्हणजे सर्वाधिक अधिकारांच्या जागी चालतात. साध्या प्रोग्रामने काही मागितले की ड्रायव्हर मेमरीचा एक तुकडा घेतो, त्यात उत्तर भरतो आणि तो तुकडा परत देतो. येथे दोन चुका वारंवार होतात. पहिलीत तुकडा आधी पुसला जात नाही, त्यामुळे उत्तर छोटे असले की उरलेल्या जागेत पूर्वीचे लेखन तसेच राहते. शाळेतली पाटी न पुसता पुढच्या मुलाच्या हाती दिल्यासारखा हा प्रकार आहे. दुसरीत ड्रायव्हर ठरलेल्या मर्यादेपलीकडची मेमरी वाचतो आणि शेजारचा मजकूर उत्तरासोबत बाहेर जातो.

पहिल्या प्रकाराची दोन उदाहरणे आपल्या कामाची आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-२६३३३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या प्रत्येक त्रुटीला मिळणारा नोंदणी क्रमांक) ही त्रुटी एएमडीच्या प्लॅटफॉर्म सिक्युरिटी प्रोसेसरसाठी (पीएसपी) असलेल्या विंडोज ड्रायव्हरमध्ये होती. कोणतेही विशेष अधिकार नसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही तिच्यामुळे न पुसलेली मेमरी वाचता येत होती, आणि ती शोधणाऱ्या संशोधकाला अशी कित्येक गिगाबाइट मेमरी मिळाली, ज्यात पासवर्डचे हॅश, म्हणजे सांकेतिक रूपेही, असू शकत होती. दुसरे उदाहरण लिनक्सचे आहे. सीव्हीई-२०२४-५०३०२ ही त्रुटी कीबोर्ड, माउस यांसारखी उपकरणे हाताळणाऱ्या एचआयडी या भागात होती आणि तिची दुरुस्ती जवळजवळ एका अक्षराची होती: मेमरी मागणाऱ्या ‘केमॅलॉक’ या फंक्शनच्या जागी, तीच मेमरी शून्यांनी भरून देणारे ‘केझॅलॉक’ घातले गेले. सर्बियातील एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा अँड्रॉइड फोन उघडण्यासाठी वापरलेल्या त्रुटींच्या साखळीत हीच एक कडी होती, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवून दिले.

अशा त्रुटींना मिळणारे गुण साधारण मध्यम असतात आणि तेथेच फसगत होते. त्रुटीची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएस या पद्धतीत दहापैकी ५.५ हा आकडा माहिती-गळतीच्या शेकडो नोंदींसमोर दिसतो. त्याचा अर्थ बहुधा असा असतो की हल्ला करणाऱ्याला त्या यंत्रावर आधी शिरकाव हवा, गोपनीयतेची हानी मोठी, पण फायलींत फेरफार किंवा यंत्र बंद पडणे शून्य. ‘मध्यम’ हा शब्द वाचून काम पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. परंतु आधुनिक ऑपरेटिंग सिस्टीम कर्नलमधील वस्तूंचे पत्ते प्रत्येक वेळी सुरू होताना बदलते, आणि हल्लेखोराला ते पत्ते ठाऊक नसतील तर त्याच्याकडची मोठी त्रुटीसुद्धा अंधारात दगड मारण्यासारखी ठरते. गळती त्याला नेमका पत्ता देते. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेली सीव्हीई-२०२१-३१९५५ ही कर्नलमधील माहिती-गळती आणि सीव्हीई-२०२१-३१९५६ ही एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था) ड्रायव्हरमधील अधिकार वाढवणारी त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत जोडीनेच वापरली गेली होती. म्हणून माझा नियम असा आहे की ड्रायव्हर किंवा कर्नल आणि माहिती-गळती हे शब्द एकत्र दिसले की गुणांचा आकडा दुय्यम मानायचा.

विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांची तपासणी

विंडोजसोबत येणारे ड्रायव्हर, उदाहरणार्थ एनटीएफएस, फॅट किंवा नेटवर्कचे, मासिक अपडेटमधूनच दुरुस्त होतात. त्यामुळे येथे ड्रायव्हर वेगळा शोधण्याऐवजी विंडोजचा बिल्ड क्रमांक पाहणे सर्वांत खात्रीचे असते. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही अक्षराची कळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत ‘विनव्हर’ लिहून एंटर दाबावे. जी खिडकी येते तिच्यात आवृत्ती आणि बिल्ड दोन्ही दिसतात. बिल्डचे दोन भाग असतात. बिंदूच्या आधीचा भाग आवृत्ती सांगतो आणि नंतरचा भाग कोणत्या महिन्यापर्यंतचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, बसले आहेत हे सांगतो.

एक प्रत्यक्ष तपासणी करून पाहू. ११ मार्च २०२५ च्या अपडेटमध्ये एनटीएफएसमधील अशा दोन माहिती-गळती दुरुस्त झाल्या, ज्यांचा वापर हल्ल्यांत आधीच होत असल्याचे मायक्रोसॉफ्टने नोंदवले. सीव्हीई-२०२५-२४९८४ साठी हल्लेखोराला यंत्राजवळ येऊन विशिष्ट रीतीने बनवलेला यूएसबी ड्राइव्ह लावावा लागत होता. तिचे गुण ४.६ होते. सीव्हीई-२०२५-२४९९१ साठी वापरकर्त्याने बनावट व्हीएचडी, म्हणजे आभासी डिस्कची फाइल उघडणे पुरेसे होते. तिचे गुण ५.५. अशिलाने आणलेला पेनड्राइव्ह मागचापुढचा विचार न करता टोचणाऱ्या आपल्या कार्यालयांना ४.६ चा आकडा किती फसवा आहे, हे वेगळे सांगायला नको. या दोन्हींसाठी विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर बिल्ड १९०४५.५६०८ किंवा पुढचा हवा, विंडोज ११ च्या २३एच२ वर २२६३१.५०३९ किंवा पुढचा, आणि २४एच२ वर २६१००.३४७६ किंवा पुढचा. बिंदूनंतरचा आकडा याहून लहान असेल तर ते यंत्र गळके आहे असे समजावे.

अनेक जण त्याऐवजी अपडेट हिस्ट्रीमध्ये केबी क्रमांक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला क्रमांक, शोधतात. वरील दुरुस्तीचा क्रमांक विंडोज १० साठी केबी५०५३६०६, विंडोज ११ च्या २३एच२ साठी केबी५०५३६०२ आणि २४एच२ साठी केबी५०५३५९८ असा होता. पण विंडोजचे मासिक अपडेट संचयी असतात, म्हणजे प्रत्येक नव्या अपडेटमध्ये मागचे सर्व पॅच सामावलेले असतात. ज्या यंत्राने मार्चचे अपडेट गाळून थेट मेचे घेतले, त्याच्या यादीत मार्चचा केबी क्रमांक दिसणारच नाही आणि तरीही ते सुरक्षित असेल. केबी क्रमांक सापडला तर उत्तम. सापडला नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. बिल्डचा आकडा मात्र असा चकवा देत नाही.

‘यू आर अप टु डेट’ या हिरव्या खुणेवर तर मी अजिबात विसंबत नाही. हे काम हाती घेतले तेव्हा एका यंत्रावर ती खूण दिमाखात झळकत होती आणि तिच्याखाली शेवटची तपासणी आठ महिन्यांपूर्वीची होती. यंत्र मंद होते म्हणून पूर्वीच्या दुरुस्ती करणाऱ्याने अपडेटची सेवाच बंद करून ठेवली होती. त्यामुळे त्या पानावर गेल्यास आधी शेवटच्या तपासणीची तारीख वाचावी, मग ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबावे, आणि तरीही अंतिम पुरावा म्हणून विनव्हर उघडावे.

ड्रायव्हरची फाइल स्वतःच पाहायची असल्यास सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये जावे, एनटीएफएस नावाच्या फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डीटेल्स उघडावे. येथे दोन गोष्टींनी गोंधळ होतो. विंडोज १० च्या २२एच२ वर बिल्ड १९०४५ असला तरी फाइलच्या आवृत्तीत १९०४१ दिसते, आणि विंडोज ११ च्या २३एच२ वर २२६३१ ऐवजी २२६२१ दिसते, कारण या आवृत्त्या जुन्याच पायावर एका लहान पॅकेजने चालू केलेल्या आहेत. शिवाय एखाद्या महिन्यात ती फाइल बदललीच नसेल तर तिचा आकडा यंत्राच्या बिल्डपेक्षा मागे राहतो. म्हणून फाइलची आवृत्ती शंकानिरसनासाठी पाहावी, पहिल्या तपासणीसाठी नव्हे.

बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर

खरी मेहनत येथे आहे. ग्राफिक्स, चिपसेट, वायफाय, प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे ड्रायव्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि मासिक अपडेट ते दरवेळी बदलतेच असे नाही. आधी यादी करावी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पीएनपीयूटिल’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘एनम-ड्रायव्हर्स’ असे लिहिले की बाहेरून बसवलेल्या प्रत्येक ड्रायव्हर पॅकेजचे नाव, कंपनी, तारीख, आवृत्ती आणि सही करणारा दिसतो. ही यादी फाइलमध्ये साठवून ठेवावी. आमच्या एका यंत्रावर चौदा पॅकेजे निघाली, त्यांपैकी तीन अशा प्रिंटरांची होती जे केव्हाच भंगारात गेले होते.

यादीतील संशयास्पद ड्रायव्हर मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावा. एएमडीच्या त्रुटीचे उदाहरण घेतल्यास सिक्युरिटी डिव्हायसेस या गटातील एएमडी पीएसपी नावाच्या उपकरणावर उजवी क्लिक करावी, प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर हा कप्पा उघडावा आणि आवृत्ती वाचावी. दुरुस्त झालेली आवृत्ती ५.१७.०.० आहे, ती विंडोज अपडेटमधून किंवा एएमडीच्या ३.०८.१७.७३५ या चिपसेट पॅकेजमधून मिळते. हे उपकरण यादीतच नसेल, म्हणजे यंत्र इंटेलचे असेल, तर ही विशिष्ट तपासणी तेथेच संपली.

आवृत्तीची तुलना करताना दशांश अपूर्णांकाची सवय आड येते. ५.९ हे ५.१७ पेक्षा मोठे वाटते. पण आवृत्तीत प्रत्येक बिंदूच्या मधला भाग स्वतंत्र पूर्णांक असतो, म्हणून नऊ हे सतरापेक्षा लहान आणि ५.९ हा ड्रायव्हर जुना. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसाकडूनही होते, आणि एक्सेलमध्ये क्रमवारी लावली तर ती हमखास होते.

तारखेवर तर मुळीच जाऊ नये. विंडोजसोबत आलेल्या कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ अशी तारीख दिसते आणि ती पाहून लोक घाबरतात, किंवा एखादा दुकानदार त्यांना घाबरवतो. ती तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवलेली आहे, जेणेकरून उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास विंडोज त्यालाच पसंती देईल. फाइल प्रत्यक्षात गेल्या महिन्यातलीही असू शकते.

ड्रायव्हर नवा कोठून घ्यावा, याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी विंडोज अपडेटमधील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि त्यातील ऑप्शनल अपडेट्स पाहावे, कारण तेथे आलेला ड्रायव्हर तपासून सही केलेला असतो. तेथे नसेल तर लॅपटॉप किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्य पृष्ठावर यंत्राचा सिरियल क्रमांक टाकून शोधावा. तेथेही नसेल तरच चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जावे. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे आश्वासन देणारी मोफत साधने मात्र टाळावीत. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीला गेलेले यंत्र अनेकदा असे एखादे साधन पोटात घेऊन परत येते आणि ते काढण्यातच अर्धा दिवस जातो.

नवा ड्रायव्हर बसला म्हणजे जुना गेला, असे गृहीत धरू नये. २०२१ च्या मे महिन्यात उघड झालेली डेलच्या डीबीयूटिल २.३ या ड्रायव्हरमधील त्रुटी, सीव्हीई-२०२१-२१५५१, हा त्याचा धडा आहे. फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर) अपडेट करणाऱ्या साधनांसोबत आलेली ती फाइल वापरकर्त्याच्या किंवा विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहत असे. डेलच्या सूचनेप्रमाणे तिच्यामुळे अधिकारवाढ, सेवा बंद पडणे आणि माहिती-गळती हे तिन्ही संभवत होते, आणि केवळ नवे साधन घेणे पुरेसे नव्हते. जुनी फाइल शोधून पुसावी लागत होती. आपल्याकडे डेलची २०२१ पूर्वीची यंत्रे असतील तर ते दोन्ही टेम्प फोल्डर आजही एकदा तपासावेत. बंद झालेल्या उपकरणांची पॅकेजे पीएनपीयूटिलच्याच ‘डिलीट-ड्रायव्हर’ या पर्यायाने काढता येतात. पर्यायापुढे यादीत दिसलेले ‘ओईएम’ने सुरू होणारे नाव द्यावे. ते पॅकेज वापरात असेल तर आज्ञा नकार देते, आणि तो नकार मानावा. ‘फोर्स’ जोडून तो मोडू नये.

विंडोज सिक्युरिटीमधील डिव्हाइस सिक्युरिटी आणि त्यातील कोअर आयसोलेशन या पानावर आपल्या कामाची दोन बटणे आहेत. मायक्रोसॉफ्टची असुरक्षित ड्रायव्हरांची प्रतिबंधित यादी विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून मुळातच चालू असते. ती कोणी बंद केलेली नाही ना, एवढे पाहावे. दुसरे बटण मेमरी इंटेग्रिटीचे, जे कर्नलमध्ये फक्त पडताळलेला कोड चालू देते. ते चालू करताना विंडोज न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची नावे दाखवते, आणि ती नावे हीच एक फुकटची तपासणी ठरते. तथापि डिजिटल सहीच्या टोकनाचा जुना ड्रायव्हर तेथे अडकू शकतो, म्हणून हे बटण विवरणपत्रांच्या धामधुमीत दाबू नये.

इंटरनेटवर त्रुटी ‘दाखवून देणारे’ प्रोग्राम मिळतात. ते कार्यालयीन यंत्रावर चालवू नयेत. आपल्याला त्रुटी सिद्ध करायची नाही, आकडा पाहायचा आहे.

उबुंटूचे यंत्र आणि खिशातले फोन

लिनक्सवर ‘युनेम’ या आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि आर लिहिले की चालू कर्नलची आवृत्ती कळते. परंतु मूळ प्रकल्पात एचआयडीची दुरुस्ती ५.१५.१७२ किंवा ६.६.६१ या आवृत्त्यांत आली, हे वाचून उबुंटूच्या ५.१५.० वर शिक्कामोर्तब करू नये. वितरण करणाऱ्या संस्था दुरुस्ती जुन्याच क्रमांकात मागे ओढून घेतात आणि केवळ हायफननंतरचा आकडा वाढवतात. म्हणून उबुंटूच्या सुरक्षा पृष्ठावर सीव्हीई क्रमांक शोधून आपल्या आवृत्तीसमोर ‘फिक्स्ड’ आणि कोणता क्रमांक लिहिला आहे ते पाहावे, किंवा ‘एपीटी चेंजलॉग’ या आज्ञेने कर्नलच्या बदलांच्या नोंदीत तो सीव्हीई शोधावा. अपडेटनंतर व्हार, रन या वाटेवर ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली तर नवा कर्नल डिस्कवर आहे, पण चालू जुनाच आहे. गळतीचे महत्त्व कमी करण्यासाठी ‘सिससीटीएल’मधील ‘कर्नल डॉट डीमेसग अंडरस्कोर रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कर्नल डॉट केपीटीआर अंडरस्कोर रिस्ट्रिक्ट’ या दोन किमती एक आहेत ना, तेही पाहून घ्यावे. पहिलीमुळे साध्या वापरकर्त्याला कर्नलचे संदेश दिसत नाहीत आणि दुसरीमुळे पत्ते झाकले जातात.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत सुरक्षा अपडेटची तारीख असते. वरील एचआयडी त्रुटीसाठी ती ५ मार्च २०२५ किंवा नंतरची हवी. १ मार्च असेल तर ते पुरेसे नाही: महिन्याची पहिली तारीख मुख्य प्रणालीचे पॅच सांगते, कर्नल आणि हार्डवेअरचे पॅच पाचव्या तारखेच्या पातळीत येतात.

पॅच केव्हा आणि कसा बसवावा

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात. भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि अमेरिकेतील हिवाळी वेळेत साडेअकरा वाजतात, म्हणजे सराफ्यातील रात्रीच्या खाऊबाजारात जोशींच्या दहीवड्याभोवती गर्दी जमलेली असते त्या सुमारास. दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांतच पडतो. आता मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. त्यामुळे करसल्लागाराच्या कार्यालयात पॅचचा आठवडा आणि पोर्टलवरची झुंबड नेमकी एकावर एक येते, आणि ‘आत्ता नको’ हे उत्तर दर महिन्याला तयार असते.

यावर मी अशी पद्धत बसवली आहे. बुधवारी सकाळी फक्त एका यंत्रावर पॅच बसवायचा, आणि ते यंत्र सर्वांत कमी वापराचे नव्हे तर सर्वाधिक गुंतागुंतीचे निवडायचे, ज्यावर सहीचे टोकन, टॅली आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे तिन्ही आहेत. बसवण्यापूर्वी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, रीस्टोअर पॉइंट करावा आणि बिटलॉकर (डिस्कवरील माहिती सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहिलेली आहे याची खात्री करावी. ती की त्याच संगणकावरच्या फाइलमध्ये ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद करणे होय. पॅचनंतर टोकनने पोर्टलवर प्रवेश, टॅलीतून एक छापील बिल, सामायिक फोल्डर आणि मराठी टायपिंग एवढे पाहावे. दिवसभर काही अडले नाही तर ११ तारीख उलटताच उरलेली यंत्रे करावीत, आणि काहीही झाले तरी २० तारखेची झुंबड सुरू होण्यापूर्वी.

या पद्धतीला एक अपवाद ठेवावा. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची सूची ठेवते. त्रुटी त्या सूचीत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ च्या एनटीएफएसच्या दोन्ही त्रुटी प्रसिद्धीच्या दिवशीच सूचीत गेल्या आणि अमेरिकी सरकारी कार्यालयांना १ एप्रिलपर्यंतची मुदत दिली गेली. तो मंगळवार ११ तारखेचाच होता. पोर्टलचे काम संध्याकाळी आटोपले, पॅच रात्री आला, बुधवारी एक यंत्र झाले, आणि शुक्रवारी १४ मार्चला धुळवडीची सुट्टी असल्याने सगळी यंत्रे मोकळी होती. इंदुरात रंगाचा खरा दिवस रंगपंचमीचा, त्यामुळे धुळवडीला सकाळचे दोन तास कार्यालयात काढणे मला जड गेले नाही.

बसवल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करणे हा पॅचचाच भाग आहे. रोज संध्याकाळी शट डाउन करतो म्हणून वेगळे रीस्टार्ट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल खऱ्या अर्थाने बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. हाताने बसवलेला ड्रायव्हर अशा वेळी जुन्याच रूपात चालू राहू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र कर्नल नव्याने सुरू होतो. म्हणून मेनूतील रीस्टार्टच निवडावे, आणि त्यानंतर विनव्हर किंवा ड्रायव्हरचा कप्पा पुन्हा उघडून आकडा वाचावा.

पॅचमुळे एखादे उपकरण बंद पडले तर डिव्हाइस मॅनेजरमधील रोल बॅक ड्रायव्हर वापरता येतो, पण त्याबरोबर त्रुटीही परत येते हे ध्यानात ठेवावे. अशा यंत्रावर तेवढे दिवस बाहेरचे पेनड्राइव्ह आणि अनोळखी व्हीएचडी फायली बंद ठेवाव्यात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून काढत्या डिस्कचे वाचन अडवता येते. उपकरण गरजेचे नसल्यास ते डिसेबल करणे हा उत्तम तात्पुरता उपाय आहे. एएमडी पीएसपीला मात्र हात लावू नये, कारण यंत्रातील फर्मवेअर टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा भाग, त्याच प्रोसेसरवर चालतो आणि बिटलॉकर त्याच्यावर अवलंबून असू शकते.

विंडोज १० चे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापराच्या यंत्रांना विस्तारित सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेही नोंदणी केली असेल तर. नोंदणी नसलेल्या यंत्रावर नव्या गळत्यांसाठी बिल्ड तपासून काही साधत नाही, कारण तो पुढे सरकणारच नाही. आमचे विंडोज १० चे यंत्र नोंदणी करून ठेवले आहे आणि त्यावर आता पोर्टलचे पासवर्ड ठेवत नाही. विंडोज ११ च्या आवृत्त्यांनाही मुदत असते. २३एच२ च्या होम आणि प्रो यांची ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली.

तपासणीत नुसती जुनी आवृत्ती सापडणे आणि प्रत्यक्ष गळती झाल्याची चिन्हे सापडणे, यांत फरक करावा. अनोळखी ड्रायव्हर बसलेला दिसला, अपडेटची सेवा आपोआप बंद होत राहिली किंवा पोर्टलवर अनोळखी ठिकाणाहून प्रवेश झाला, तर ते यंत्र नेटवर्कपासून सोडवावे, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि नोंदी पुसू नयेत. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि नोंदी १८० दिवस राखायच्या असतात.

प्रत्येक महिन्याची तपासणी मी एका जाड वहीत लिहितो: यंत्राचा क्रमांक, आधीचा बिल्ड, नंतरचा बिल्ड, बदललेला ड्रायव्हर, तारीख, आणि काही अडले असल्यास एक ओळ. सात यंत्रांच्या सात ओळी व्हायला वीस मिनिटे लागतात. मागच्या महिन्यात पाचव्या यंत्राच्या दोन्ही रकान्यांत एकच आकडा पडला, तेव्हा कळले की तेथे पॅच उतरला होता, पण रीस्टार्ट कोणीच केले नव्हते.